बंदूक, भय आणि लोकमत

आमच्या वाडीतील एक मावशी रविवारची मिस्सा आटोपली, की चर्चच्या आवारात घटकाभर थांबतात. त्यांची थोरली लेक अमेरिकेत असते. नात तिकडच्या शाळेत पहिलीला आहे. फोनवर नातीने आजीला सांगितले, की आज शाळेत कवायत होती. मावशींच्या डोळ्यांपुढे आपली जुनी कवायत उभी राहिली: हात वर, हात खाली, एक-दोन, एक-दोन. पण ती कवायत निराळी होती. बाईंनी दाराला आतून कडी घातली, दिवे मालवले, मुले भिंतीला टेकून अंधारात बसली आणि कोणी आवाज करायचा नाही, असे ठरले. “आजी, मी अज्जिबात हसले नाही,” नातीने मोठ्या अभिमानाने सांगितले. कवायत कशासाठी, हे तिला नीट ठाऊक नव्हते. मावशींना ते ठाऊक होते. काही दिवसांपूर्वीच, २७ ऑगस्ट २०२५ रोजी, मिनीआपोलिस शहरातील अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांची मिस्सा चालू असताना खिडक्यांतून गोळ्या आल्या होत्या. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले त्यात गेली. कितीतरी जखमी झाली.

मावशींनी मला विचारले, “इतकी शिकलीसवरलेली माणसं. हे थांबावं असं त्यांना वाटत नाही का हो?”

प्रश्न साधा होता. तरीही मला त्याचे उत्तर त्या वेळी देता आले नाही. घरी आल्यावर तो प्रश्न मनात घोळत राहिला आणि ध्यानात आले, की हा केवळ अमेरिकेच्या राजकारणाचा प्रश्न नाही. लोकांना एखादी गोष्ट हवी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? बहुसंख्यांचे मत हे नीतीचे माप होऊ शकते काय? आणि ज्याने कोणाचेही वाईट केलेले नाही, अशा माणसाला इतरांच्या सुरक्षिततेसाठी आपली वस्तू खाली ठेवायला सांगण्याचा अधिकार समाजाला कोठून मिळतो?

लोकांना काय वाटते, याचे उत्तर आकड्यांत तर उपलब्धच आहे. अमेरिकेत लोकमत-चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने १९५९ साली विचारले होते, की पोलीस व अन्य अधिकृत व्यक्ती वगळता इतरांना पिस्तूल बाळगण्यास बंदी असावी काय? त्या वेळी शंभरातील साठ जणांनी ‘असावी’ म्हणून सांगितले. अलीकडच्या वर्षांत तोच प्रश्न विचारला, तर ‘असावी’ म्हणणारे शंभरात वीस-पंचवीसच्या आसपास भरतात. बंदुकांचे कायदे एकंदरीने अधिक कडक हवेत, असे १९९० साली ७८ टक्के लोक म्हणत होते. अलीकडे ते प्रमाण निम्म्याहून थोडे वर आहे. पण प्रश्न जरा बदलून, बंदूक विकण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाचा पूर्वेतिहास तपासावा काय, असे विचारले, तर शंभरातील ऐंशी-नव्वद जण होकार देतात आणि त्यांत घरी बंदूक असणारेही बहुसंख्येने असतात. म्हणजे मावशींच्या प्रश्नाला ‘होय, त्यांना थांबावेसे वाटते’ असे उत्तर द्यायला हरकत नाही.

मग थांबत का नाही? १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक शाळेत वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, गिऱ्हाइकांच्या तपासणीचा विस्तार करणारी सूचना सिनेटपुढे आली. शंभरांपैकी ५४ सभासद तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे जाण्यासाठी साठ हवे होते. सूचना तेथेच पडली. पुढे २०२२ साली टेक्ससमधील युवाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका गेल्या, तेव्हा कोठे जवळपास तीन दशकांनंतर एक उल्लेखनीय, पण मर्यादित कायदा संमत झाला.

याची कारणे जाणकार सांगतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ सालापासून शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचे कलम आहे आणि तो प्रत्येक व्यक्तीचा अधिकार आहे, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. सिनेटमध्ये लहान राज्याला मोठ्या राज्याइतक्याच जागा असतात, त्यामुळे ग्रामीण मताचे वजन वाढते. शिवाय ज्याला कायदा कडक हवा असतो, तो त्या एका मुद्द्यावर सहसा मत देत नाही; ज्याला आपली बंदूक जाईल असे वाटते, तो नेमका त्याच मुद्द्यावर देतो. एकाचे मत आठवड्याने निवते, दुसऱ्याचे वर्षानुवर्षे धगधगते. मोजताना मात्र दोन्ही मते एकेकच मोजली जातात.

हे सारे खरे आहे. पण एवढ्यावर मावशींचे समाधान झाले नसते आणि माझेही झाले नाही. यंत्रणेचा दोष दाखवून झाला, तरी माणसाच्या मनाचा कोपरा अंधारातच राहतो.

त्या कोपऱ्यात दिवा नेणारा एक जुना विचारवंत आहे. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात मनुष्यस्वभावाचे फारसे गोड चित्र काढलेले नाही. ते वाचून कोणी रागावेल, हे त्यालाही ठाऊक होते. म्हणून तो वाचकाला त्याच्याच वागणुकीकडे पाहायला सांगतो. प्रवासाला निघताना तू शस्त्र घेतोस, सोबत शोधतोस. रात्री निजताना दाराला कुलूप लावतोस. घरातल्या घरात पेटीलाही कुलूप घालतोस. देशात कायदा आहे, शिपाई आहेत, हे ठाऊक असून हे करतोस. मग आपल्या देशबांधवांविषयी, शेजाऱ्यांविषयी, घरच्या मुलामाणसांविषयी तुझे मत काय, ते तुझे कुलूपच सांगत नाही काय? मी शब्दांनी मनुष्यजातीवर जो आरोप केला, तोच तू कृतीने करीत नाहीस काय?

हॉब्जच्या सगळ्या निष्कर्षांशी आपण सहमत होण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या या प्रश्नातून एक मोलाची गोष्ट हाती लागते. माणूस आपले मत दोन प्रकारे देत असतो: एकदा तोंडाने आणि एकदा हाताने. चाचणी घेणारा तोंडाचे मत टिपून घेतो. हाताचे मत दुकानाच्या वहीत नोंदले जाते. २०२० साली, महासाथीच्या आणि अशांततेच्या त्या वर्षात, अमेरिकेत बंदुकांची विक्रमी विक्री झाली. सकाळी फोनवर ‘कायदे कडक हवेत’ असे सांगणारा गृहस्थ दुपारी बंदुकीच्या दुकानापुढच्या रांगेत उभा असणे त्या वर्षी मुळीच अशक्य नव्हते. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला तो भ्यालेला वाटतो. तोंडाने त्याने सर्वांसाठी काय चांगले ते सांगितले. हाताने त्याने सांगितले, की इतर ते करतील यावर आपला विश्वास नाही.

भयाची ही वाढ आकड्यांतही दिसते. १९९९ साली बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकनांना कारण विचारले, तेव्हा निम्म्याजवळ लोकांनी शिकार सांगितली आणि सुमारे चौथाई लोकांनी संरक्षण. २०२३ साली संरक्षण हे आपले मोठे कारण असल्याचे सांगणारे ७२ टक्के होते. दोन्ही वेळच्या प्रश्नांची मांडणी वेगळी होती, हे जमेस धरले तरी दिशा स्पष्ट आहे. बंदूक रानातून घरात आली. आणि घरात आल्यावर तिने काय केले? २०२१ साली त्या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे स्वतःच्या हाताने मेली. ज्या अनोळखी चोरासाठी बंदूक उशाशी ठेवली, तो आलाच नाही. एका उदास रात्री घरच्याच माणसाचा हात तिच्यावर पडला. भयाने घेतलेला पहारेकरी घराची राखण करीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

लोकमत हे भयापुढे किती लवकर वाकते, याचे उदाहरण ब्राझीलने दिले. जगातील सर्वांत मोठ्या कॅथलिक लोकसंख्येच्या या देशात त्या काळी दर वर्षी पस्तीस हजारांहून अधिक माणसे बंदुकीला बळी पडत. २००३ च्या डिसेंबरात तेथे निःशस्त्रीकरणाचा कडक कायदा झाला. पुढील दोन वर्षांत लोकांनी स्वखुशीने, थोडा मोबदला घेऊन, साडेचार लाखांच्या आसपास शस्त्रे जमा केली. ती स्वीकारण्याची सोय अनेक ठिकाणी चर्चमध्येही केली होती. शस्त्रे आणि काडतुसे यांची विक्रीच बंद करावी काय, हा अखेरचा प्रश्न २३ ऑक्टोबर २००५ रोजी साऱ्या देशापुढे सार्वमतासाठी ठेवण्यात आला. राष्ट्रीय पातळीवर असा प्रश्न थेट जनतेला विचारणे ही मोठी गोष्ट होती. बिशपांची परिषद बंदीच्या बाजूने होती. काही महिन्यांपूर्वीच्या चाचण्यांत बंदीच्या बाजूने प्रचंड बहुमत दिसत होते.

मग दूरदर्शनवर दोन्ही बाजूंचा प्रचार सुरू झाला. बंदीच्या विरोधकांनी बंदुकीची तरफदारी फारशी केली नाही. त्यांनी लोकांना वेगळाच प्रश्न विचारला: तुमचा एक हक्क सरकार काढून घेऊ पाहत आहे, तो तुम्ही देणार काय? गुंडाची बंदूक कोण काढून घेणार आहे? पोलीस तुमच्या दारी वेळेवर येतात काय? निकाल लागला, तेव्हा ६३.९४ टक्के मते बंदीच्या विरुद्ध पडली होती. बंदीच्या बाजूने बहुमत झाले, असे एकही राज्य नव्हते.

या मतदारांना नावे ठेवण्याची घाई आपण करू नये. त्यांतील असंख्य लोकांनी आयुष्यात कधी बंदूक हाती धरलेली नव्हती, धरायची इच्छाही नव्हती. त्यांनी ‘नाही’ म्हटले ते बंदुकीच्या प्रेमाने नव्हे. ज्यांच्या हाती आपले रक्षण सोपवायचे, त्या पोलिसांवर आणि त्या राज्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. फ्रेंच विचारवंत रूसो याने १७६२ साली एक भेद मांडला होता. प्रत्येकाने आपापल्या हिताकडे पाहून दिलेल्या मतांची बेरीज ही एक गोष्ट. सर्वांच्या समान हिताकडे पाहून उमटलेला समाजाचा संकल्प ही दुसरी. जूनमध्ये ब्राझीलच्या नागरिकाने ‘आपल्या देशात बंदुका कमी व्हाव्यात काय’ या प्रश्नाचे उत्तर दिले; ऑक्टोबरमध्ये त्याने ‘माझ्या घराचे काय’ या प्रश्नाचे दिले. माणूस तोच होता, मतपेटीपाशी नेताना त्याच्या मनात जागा केलेला प्रश्न वेगळा होता. म्हणून बहुमताला सत्तेचा अधिकार असला, तरी त्याला नीतीचा निवाडा मानताना आपण क्षणभर थांबावे. त्या मताच्या मुळाशी कोणता प्रश्न होता, हे विचारावे.

आता बंदीला विरोध करणाऱ्याचा सर्वांत बळकट युक्तिवाद ऐकणे न्यायाचे होईल. तो म्हणतो, “मी शेतकरी आहे. तीस वर्षे माझ्याकडे रायफल आहे. माझ्या हातून कोणाला ओरखडाही उठलेला नाही. दूर कोठल्या तरी गावी एका माथेफिरूने माणसे मारली, त्याची शिक्षा मला का? अपराध त्याचा आणि दंड माझा, हा कुठला न्याय?”

या प्रश्नाला हसून चालणार नाही. कायदा नेहमी पूर्वीच्या निरपराध्यांवरच जाऊन पडतो. अपराधी तर आधीच पकडलेला वा मेलेला असतो. शिवाय स्वतःचे प्राण वाचविण्याचा हक्क नीतिशास्त्राने मान्य केलेला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा ऊहापोह केला, तेव्हा स्वसंरक्षणासाठी केलेला प्रतिकार त्यांनी निषिद्ध ठरविला नाही. मात्र एक मर्यादा घातली: प्रतिकाराचे बळ गरजेपुरते असावे, त्याहून अधिक हिंसा झाली, तर ती कृती अयोग्य ठरते. हक्क आणि साधन यांत त्यांनी केलेला हा भेद आजही कामी येतो. जगण्याचा हक्क मिळाला म्हणजे वाटेल ते साधन वाटेल तेवढे बाळगण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कोणते साधन, कोणाच्या हाती, किती, हे शेजारी बसून ठरवावे लागते. मिनिटात कितीएक गोळ्या झाडणारे हत्यार कोल्ह्यापासून मेंढरे राखायला लागत नाही.

पण एवढ्याने शेतकऱ्याचे मन वळणार नाही. कारण त्याचा खरा प्रश्न साधनाचा नाही, विश्वासाचा आहे. ‘मलाच का?’ असे तो विचारतो आहे. आणि या ‘मलाच का’ला कधी कधी सत्य उत्तर नसते, हे आपला इतिहास सांगतो. १८७८ च्या कायद्याने ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील लोकांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९१८ साली खेडा जिल्ह्यात वाटलेल्या पत्रकात या कायद्याचा अत्यंत कडक शब्दांत निषेध केला होता. प्रथमदर्शनी याचे नवल वाटते. अहिंसावाद्याला शस्त्रे गेल्याचे दुःख का व्हावे? ते दुःख शस्त्रांचे नव्हते. एकाने दुसऱ्याला संशयाने निःशस्त्र करावे आणि आपण मात्र सशस्त्र राहावे, यातील अपमान त्यांना बोचत होता. स्वतंत्र भारतातही १९५९ च्या कायद्यान्वये परवाना लागतोच. पण त्याचा काच आपल्याला त्या प्रकारे जाणवत नाही, कारण कातडीचा रंग पाहून कोणाला त्यातून सूट नाही.

तेव्हा निःशस्त्र होण्यात दोन जाती आहेत. एक लादलेली, एकतर्फी, संशयातून आलेली. दुसरी परस्परांनी मान्य केलेली. हॉब्जनेही हेच म्हटले होते, की शांततेसाठी माणसाने आपला काही हक्क सोडावा, पण इतरही तो सोडायला तयार असतील तेव्हाच. एकट्यानेच सोडणे म्हणजे स्वतःला भक्ष्य म्हणून पुढे करणे. भय एकट्याने संपवता येत नाही. ते सर्वांनी मिळून एकदम खाली ठेवावे लागते.

तसे कधी घडते काय? ऑस्ट्रेलियात काही प्रमाणात घडले. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानिया बेटावरील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना ठार केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना अधिकारपदावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. बारा दिवसांत, १० मे रोजी, केंद्र आणि राज्ये यांचा एक करार झाला. एका चापानंतर पुढची गोळी आपोआप चढणाऱ्या रायफली सर्वसामान्यांना बंद झाल्या. बाकीच्या बंदुकांना परवाना, नोंदणी आणि खरेदीपूर्वी २८ दिवसांची प्रतीक्षा आली. बंदूक कशासाठी हवी, याचे सयुक्तिक कारण देणे आवश्यक झाले आणि स्वसंरक्षण हे तसे कारण मानले जाणार नाही, असे ठरले. बंद झालेल्या बंदुका सरकारने विकत घेतल्या. वर्षभरात ६ लाख ४० हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या आणि वितळवल्या, चिरडल्या गेल्या.

लोकमत सरकारच्या बाजूने होते. दहांतील नऊ जण पाठिंबा देत होते. पण या नऊ जणांपैकी बहुतेकांकडे बंदूक नव्हतीच. जे आपल्याजवळ नाही, ते सोडायला मत द्यावे लागत नाही, नुसती मान डोलवली तरी पुरते. त्यामुळे मला त्या साऱ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक रूक्ष तरतूद. बंदुकांची किंमत चुकती करण्यासाठी सरकारने प्रत्येक करदात्याच्या आरोग्य-करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्याची वाढ केली. ज्याच्याकडे बंदूक होती, त्याने बंदूक दिली. ज्याच्याकडे नव्हती, त्याने पैसा दिला. म्हणजे बहुसंख्यांनी अल्पसंख्यांना नुसता उपदेश केला नाही, त्यांच्या त्यागात आपला वाटा उचलला. वडिलांची रायफल हातात घेऊन जमा करायच्या रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या ‘मलाच का’ला हे पुरेसे उत्तर होते असे मी म्हणणार नाही. पण ते उत्तर होते, आज्ञा नव्हती.

आणि ज्यांनी त्याला हे सांगितले, त्यांनीही किंमत दिली. उपपंतप्रधान टिम फिशर हे ग्रामीण पक्षाचे नेते, स्वतः शेतकरी, व्हिएतनामच्या युद्धात लढलेले, श्रद्धाळू कॅथलिक; पुढे २००९ ते २०१२ या काळात ते व्हॅटिकनमध्ये आपल्या देशाचे राजदूत होते. शहरी लोकमत अनुकूल असले, तरी त्यांच्या स्वतःच्या मतदारांचा रोष त्यांच्यावर होता. गावोगावच्या सभांत त्यांना शिव्या ऐकाव्या लागल्या, त्यांच्या पुतळ्याची विटंबना झाली. ते जात राहिले. क्वीन्सलँडचे मुख्यमंत्री रॉब बॉर्बिज यांनी कराराला साथ दिली. १९९८ च्या निवडणुकीत नाराज ग्रामीण मते एका नव्या पक्षाकडे गेली आणि त्यांची सत्ता गेली. अठराव्या शतकात एडमंड बर्क याने ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते, की प्रतिनिधीने आपले परिश्रम जसे मतदारांना वाहावेत, तशी आपली विवेकबुद्धीही त्यांच्यासाठी वापरावी. ती त्यांच्या मतापुढे गहाण ठेवू नये. १७८० मध्ये ब्रिस्टलने त्याला पुन्हा निवडले नाही. विवेकाने वागणाऱ्याला लोक धन्यवाद देतातच असे नाही. निदान लगेच तरी नाही.

या हकिकतीतही हाताचे मत तोंडाच्या मताला आडवे आलेच. जून १९९६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील सेल या गावी बंदूकधारकांच्या सभेपुढे पंतप्रधान हॉवर्ड बोलायला गेले, तेव्हा सुरक्षारक्षकांच्या सल्ल्यावरून त्यांनी कोटाखाली गोळीला न जुमानणारे चिलखत घातले होते. त्याचा आकार कोटातून दिसत होता. तोंडाने ते सांगत होते, की तुम्ही सज्जन नागरिक आहात, तुमच्यावर माझा रोष नाही. अंगावरचे चिलखत वेगळे सांगत होते. पुढे त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. हॉब्जने कुलपाविषयी विचारलेला प्रश्न येथे एका पंतप्रधानालाही लागू पडला.

त्या कायद्याने सारे साधले, असे कोणी समजू नये. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या ऑस्ट्रेलियात घटल्या. त्याचे श्रेय कायद्याला किती द्यावे, याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहे. पोर्ट आर्थरएवढे मोठे हत्याकांड त्यानंतर तेथे झाले नाही. पण १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यू बांधवांच्या हनुक्का सणाच्या मेळाव्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि पंधरा निरपराध माणसे गेली. हल्लेखोर बापलेकांपैकी बापाकडे रीतसर परवान्याच्या बंदुका होत्या. सरकारने पुन्हा बंदुका विकत घेण्याची घोषणा केली. म्हणजे एका पिढीने केलेला त्याग पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळत नाही. परवान्याच्या कागदावर धूळ बसते, अपवाद वाढतात, भय परत येते. प्रत्येक पिढीला शेजाऱ्यावरचा विश्वास नव्याने कमवावा लागतो.

मग मावशींना काय सांगावे? पुढच्या रविवारी भेट झाली, तेव्हा मी त्यांना म्हटले, “मावशी, त्यांना थांबावं असं वाटतं. पण आपण आधी खाली ठेवावं आणि समोरच्यानं ठेवलं नाही तर, याची त्यांना भीती वाटते.” मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्या बांधाच्या भांडणासारखंच झालं.”

त्या बोलून गेल्या आणि मला वाटले, मी इतका वेळ ग्रंथांतून जे शोधीत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. आपल्या गावात बंदुका नाहीत, म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवणे आपल्याला सोपे जाते. पण दोन भाऊ आणि मध्ये बांध, दोन शेजारी आणि मध्ये कोर्टाची तारीख, हे आपल्याला परके नाही. ‘भांडण मिटावे असे वाटते काय’ असे विचारले, तर शंभरातील शंभर जण होकार देतील. ‘आधी तू दावा मागे घे’ म्हटले, की मग खरे मत बाहेर पडते. बंदुकीइतके ते जीवघेणे नसते, पण मनाची घडण तीच असते.

लोकमत विचारते, इतरांसाठी कायदा किती कडक असावा? हा प्रश्न गैर नाही; लोकशाहीत तो विचारलाच पाहिजे आणि त्याचे उत्तर मोजलेच पाहिजे. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो कोणी फोनवर विचारत नाही आणि त्याची टक्केवारी छापून येत नाही: त्या कायद्यासाठी मी स्वतः काय खाली ठेवायला तयार आहे? ज्या समाजात पुरेशी माणसे या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतात, तेथे पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला बळ येते. ज्या समाजात ती देत नाहीत, तेथे नव्वद टक्के लोक होकार देतात आणि पहिलीतली मुलगी अंधारात भिंतीला टेकून, न हसता बसायला शिकते.